चॅम्पियन्स लीगची बाद फेरी सांगलीत बसून कशी बघायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी आला की आमच्या विश्रामबागेतल्या ग्रुपवर चॅम्पियन्स लीगबद्दल, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेबद्दल, तेच प्रश्न फिरायला लागतात. मॅच मंगळवारची की बुधवारची? एकाच टीमशी दोनदा का खेळतात? काल हरलेली टीम पुढच्या फेरीत कशी काय गेली? कोल्हापूरच्या पोरांना हे विचारावं लागत नाही. तालमींच्या टीमा आणि शाहू स्टेडियम बघत ती लहानाची मोठी होतात. आपल्याकडे कुस्ती आणि क्रिकेट रक्तात आहे, फुटबॉल मात्र बहुतेकांना टीव्हीवरच भेटतो, आणि तोही मध्येच कुठेतरी, अर्धी स्पर्धा उलटल्यावर. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढलंय. ज्याने आजवर फक्त मेस्सी-रोनाल्डोच्या क्लिपा बघितल्यात, त्यालाही यंदा बाद फेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघता यावी, एवढी इच्छा आहे.

१. कोण कुठून आलं ते आधी समजून घ्या

२०२४-२५च्या हंगामापासून स्पर्धेची रचना बदलली. पूर्वी ३२ टीमा आणि चार-चारचे आठ गट असायचे. आता ३६ टीमा एकाच गुणतक्त्यात असतात. प्रत्येक टीम आठ वेगवेगळ्या टीमांशी एकेक सामना खेळते, चार घरच्या मैदानावर आणि चार बाहेर. हे सगळं सप्टेंबर ते जानेवारी चालतं. जानेवारीअखेर तक्ता पक्का झाला की तीन वाटण्या होतात:

- पहिल्या ८ टीमा थेट अंतिम १६ मध्ये.
- ९ ते २४ क्रमांकाच्या १६ टीमा फेब्रुवारीत प्लेऑफ खेळतात. त्यातल्या आठ पुढे जातात.
- २५ ते ३६ घरी. पूर्वी काही टीमा खालच्या युरोपा लीगमध्ये जायच्या, ती सोय आता बंद झाली.

इथे पहिला सापळा आहे. यूट्यूबवर जुने समजावणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत. त्यात 'ग्रुप ए, ग्रुप बी' ऐकू आलं की तो व्हिडिओ तिथेच बंद करा, नाहीतर डोक्यात दोन नियमांची खिचडी होईल.

गुणतक्त्यात खाली राहिली म्हणजे टीम कमकुवत, असं मात्र धरू नका. २०२४-२५ मध्ये पॅरिस सेंट जर्मेन, म्हणजे पीएसजी, पंधराव्या क्रमांकावर होती. प्लेऑफ खेळून वर आली आणि तीच चॅम्पियन झाली. त्याच प्लेऑफमध्ये रिअल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी समोरासमोर आले होते, अकरावा विरुद्ध बाविसावा. एरवी फायनलला शोभेल अशी लढत फेब्रुवारीतच झाली आणि सिटी बाहेर पडली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, प्लेऑफ सोडू नका. 'मोठ्या मॅचेस मार्चपासून' म्हणत बसणारे निम्मी मजा घालवतात.

२. ड्रॉ बघा आणि तक्ता स्वतःच्या हाताने काढा

प्लेऑफ संपल्यानंतरच्या शुक्रवारी स्वित्झर्लंडमधल्या न्यॉन इथे युएफाच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेच्या, मुख्यालयात ड्रॉ निघतो, कोण कुणाशी खेळणार ते चिठ्ठ्या काढून ठरतं. तिकडे दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे साडेचारच्या सुमारास. हा एकच ड्रॉ थेट फायनलपर्यंतचा रस्ता ठरवून टाकतो. पुढे पुन्हा चिठ्ठ्या निघत नाहीत. ड्रॉही पूर्ण मोकळा नसतो. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या टीमांसमोर १५ ते १८ मधून जिंकून आलेलीच टीम येते, तिसऱ्या-चौथ्यासमोर १३, १४, १९, २० मधली, आणि असंच पुढे. पहिला आणि दुसरा क्रमांक बाद फेरीच्या तक्त्याच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना असतात, त्यामुळे त्यांची गाठ फायनलआधी पडत नाही.

मोबाईलवर हा तक्ता आयता मिळतो, पण तो बघून लक्षात राहत नाही. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान काढा आणि कोऱ्या बाजूने भिंतीला लावा. डावीकडे आठ टीमा, उजवीकडे आठ, मधे फायनलची चौकट. प्रत्येक जोडी दोनदा खेळते आणि त्यातल्या एकेका सामन्याला लेग म्हणतात, म्हणून प्रत्येक जोडीपुढे तीन छोटे रकाने पाडा: पहिला लेग, दुसरा लेग, एकूण. दुसरा लेग जिच्या मैदानावर आहे, त्या टीमच्या नावाखाली रेघ मारा. तारीख मात्र आपल्या वेळेनुसारच लिहा, 'बुध. पहाटे' अशी. पहिल्या लेगचा स्कोअर पेन्सिलने आणि एकूण निकाल पेनने लिहायचा. आमच्याकडचं पान मार्चअखेर पार चुरगळलेलं असतं, पण घरातल्या नववीतल्या मुलीलाही कोण कुठे अडकलंय ते तोंडपाठ असतं.

ती रेघ का मारायची? दुसरा सामना घरी असणं हा मोठा फायदा आहे. किती गोल हवेत ते आधीच माहीत असतं, आणि जादा वेळ व पेनल्टी लागल्या तर त्याही आपल्याच प्रेक्षकांसमोर होतात. अंतिम १६ मध्ये हा फायदा पहिल्या आठ टीमांना मिळतो. २०२५-२६ पासून क्वार्टरफायनल आणि सेमीफायनललाही वरच्या क्रमांकाच्या टीमला तो मिळतो. वरच्या टीमला कुणी हरवलं, तर तिचा हा हक्क हरवणाऱ्या टीमकडे जातो.

३. दोन सामने वेगळे धरू नका, ती १८० मिनिटांची एकच लढत आहे

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

फायनल सोडून बाद फेरीतली प्रत्येक लढत दोन लेगची असते, एक सामना इकडे, एक तिकडे. दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. ज्याची बेरीज जास्त तो पुढे. क्रिकेटच्या भाषेत, पहिला लेग हा कसोटीतला पहिला डाव धरा. आघाडी घेतली म्हणजे सामना जिंकला असं नाही, आणि पिछाडीवर पडलो म्हणजे संपलं असंही नाही.

मार्च २०२५ मधली पीएसजी-लिव्हरपूल लढत घ्या. लिव्हरपूल गुणतक्त्यात पहिली, पीएसजी पंधरावी. पहिला लेग पॅरिसला. पीएसजी अख्खी रात्र चढाई करत राहिली, लिव्हरपूलचा गोलकीपर अ‍ॅलिसन एकामागून एक शॉट अडवत राहिला. ८७व्या मिनिटाला नुकताच मैदानात उतरलेल्या हार्वी एलियटने लिव्हरपूलचा गोल केला. निकाल ०-१. सकाळी नुसता स्कोअर वाचणाऱ्याला वाटलं, लिव्हरपूलचं काम झालं. ज्यांनी रात्री जागून सामना बघितला होता, त्यांना पुढच्या आठवड्याची धास्ती दिसत होती.

दुसरा लेग होळीच्या तोंडावर, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर. बाराव्या मिनिटाला पीएसजीच्या डेम्बेलेने गोल केला आणि बेरीज १-१ झाली. त्यानंतर नव्वद मिनिटांपर्यंत काही नाही, जादा वेळेतही काही नाही. शेवटी पेनल्टी. पीएसजीच्या डोन्नारुम्माने न्युन्येज आणि जोन्स या दोघांच्या पेनल्टी अडवल्या आणि पीएसजी ४-१ने पुढे गेली. पुढे अ‍ॅस्टन व्हिला, मग आर्सेनल, आणि ३१ मे २०२५ला म्युनिकमध्ये इंटर मिलानवर ५-०. युरोपियन कपच्या फायनलमधला हा आजवरचा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय. नुसता दुसरा लेग बघितला असता तर कळलंच नसतं की पहिल्या रात्री अ‍ॅलिसन नसता, तर लढत तिथेच संपली असती.

म्हणून सगळ्या जोड्यांच्या मागे धावू नका. अंतिम १६ मध्ये एका रात्री चार सामने असतात, ते बघून होत नाहीत. एक-दोन जोड्या निवडा आणि त्यांचे दोन्ही लेग पूर्ण बघा.

दुसऱ्या लेगला बसताना या गोष्टींवर नजर ठेवा:

- पिछाडीवरची टीम पहिली वीस मिनिटं कशी खेळते. लवकर गोल मिळाला की आख्खं स्टेडियम बदलतं.
- आघाडीवरच्या टीमचा गोलकीपर गोलकिक घ्यायला किती वेळ लावतो. टीमला भीती वाटतेय का, ते तिथे सगळ्यात आधी कळतं.
- पिवळी कार्डं. तीन झाली की पुढचा एक सामना बाहेर. क्वार्टरफायनल संपली की पाटी कोरी होते. त्यामुळे क्वार्टरफायनलच्या आधी दोन कार्डं असलेला डिफेंडर टॅकल करताना कचरतो.
- बदली खेळाडू. पाच बदल करता येतात, पण सामना तीनदाच थांबवून. जादा वेळ लागला तर एक बदल वाढतो.

४. बेरीज सारखी झाली तर

आता नियम सोपा आहे. बेरीज सारखी असेल तर दुसऱ्या लेगनंतर लगेच १५-१५ मिनिटांचा जादा वेळ, तरीही बरोबरी असेल तर पेनल्टी शूटआऊट.

सापळा 'अवे गोल'चा. बाहेरच्या मैदानावर केलेले गोल बरोबरीत भारी धरायचे, असा जुना नियम होता. युएफाने तो २०२१-२२च्या हंगामापासून काढून टाकला. तरी ग्रुपवर कुणीतरी आत्मविश्वासाने 'अवे गोलवर गेले बघा' म्हणतोच. ऐकू नका.

जुन्या लढती बघायला घ्याल तेव्हा मात्र तो नियम ठाऊक हवा, नाहीतर त्यातला थरार कळणार नाही. ८ मार्च २०१७ची बार्सिलोना-पीएसजी घ्या. पहिल्या लेगला बार्सिलोना ०-४ ने हरलेली. घरी ३-० पुढे असताना पीएसजीच्या कवानीने एक गोल केला. आता ५-५ बेरीज झाली तरी तो अवे गोल बार्सिलोनाला बाहेर काढणार होता, म्हणजे सहा गोल हवेतच. ८८व्या मिनिटापर्यंत तीनच होते. मग नेमारचे दोन आणि ९५व्या मिनिटाला सेर्जी रोबेर्तोचा एक. ६-१, बेरीज ६-५. आज तशीच वेळ आली तर पाचव्या गोलवर सामना जादा वेळेत जाईल.

पेनल्टीबाबत एक गोष्ट अलीकडे बदलली. मार्च २०२५ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या हुलियान अल्वारेझचा पेनल्टी मारताना पाय घसरला आणि चेंडूला दोन्ही पाय लागले. गोल झाला होता, पण तो रद्द ठरला आणि रिअल माद्रिद पुढे गेली. मला तो निर्णय आजही डाचतो. त्यानंतर जून २०२५ मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने खुलासा केला: दुहेरी स्पर्श चुकून झाला असेल आणि गोल झाला असेल, तर पेनल्टी पुन्हा घ्यायची.

५. तारीख आणि वेळ: सगळ्यात जास्त लोक इथे फसतात

युरोपात मंगळवारी रात्री नऊला सुरू होणारी मॅच आपल्याकडे बुधवारी पहाटे असते. वेळापत्रकात 'मंगळवार' दिसला की मंगळवारी लवकर जेवून झोपायचं आणि बुधवारचा गजर लावायचा. सोमवारी रात्री जागून बसलात तर स्टुडिओतली चर्चासुद्धा दिसणार नाही.

दुसरी गोम घड्याळाची. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. आपलं घड्याळ आहे तिथेच राहतं. त्यामुळे एकाच स्पर्धेत आपल्या वेळा बदलतात:

- फेब्रुवारीतलं प्लेऑफ आणि मार्चमधली अंतिम १६ची फेरी: रात्री १.३०. काही सामने लवकरचे, रात्री ११.१५ला.
- एप्रिलमधली क्वार्टरफायनल, एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीची सेमीफायनल: रात्री १२.३०.

१२.३०चा सामना अडीचच्या आत संपतो. जादा वेळ लागला तर तीन, पेनल्टी झाल्या तर सव्वातीन. सकाळी सातला कॉलेज किंवा पहिली पाळी असणाऱ्यांनी हा हिशोब आधीच करावा. सांगली-मिरज रोडवर अर्धवट झोपेत गाडी चालवू नका, त्या दिवशी सिटी बस पकडा.

घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर प्लेऑफ आणि अंतिम १६ची फेरी नेमकी बोर्डाच्या परीक्षेवर येते. त्या घरात हेडफोन लावून मोबाईलवरच बघायचं. यावर वाद नको. परीक्षा संपेपर्यंत क्वार्टरफायनल आलेली असते, तेव्हा त्या पोरालाही सोबत घ्या.

८७व्या मिनिटाला टीव्ही बंद करायची सवय लागू देऊ नका. मे २०२५च्या इंटर-बार्सिलोना सेमीफायनलमध्ये पहिला लेग ३-३ सुटलेला. दुसऱ्यात ८७व्या मिनिटाला राफिन्याने बार्सिलोनाला ३-२ पुढे नेलं. रात्रीचे सव्वादोन वाजून गेलेले. 'संपलं' म्हणून जे झोपले ते मुकले. भरपाई वेळेत अचेर्बीने बरोबरी केली, जादा वेळेत फ्राटेसीने चौथा गोल केला आणि इंटर ७-६ बेरजेने फायनलला गेली.

६. चॅनेल, नेट आणि लाईट

भारतात सध्या सामने सोनी स्पोर्ट्सच्या चॅनेलवर आणि सोनीलिव्ह अ‍ॅपवर दिसतात. एकाच वेळी दोन-चार सामने असल्याने कुठला सामना कुठल्या चॅनेलवर, हे त्या संध्याकाळी बघून ठेवा. अ‍ॅपचा प्लॅन घेताना तो टीव्हीवर चालतो की फक्त मोबाईलवर, हे वाचूनच पैसे भरा.

अ‍ॅपवरचं चित्र डिशपेक्षा मागे चालतं. शेजारच्या घरातून आरडाओरडा आला की समजावं, गोल झालाय, आपल्याला अजून दिसायचाय. त्यामुळे एका बिल्डिंगमध्ये बघणाऱ्यांनी शक्यतो एकच माध्यम वापरावं, आणि सामना चालू असताना ग्रुप म्यूट ठेवावा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट लिंकांपासून लांब राहा. 'ही फाईल इन्स्टॉल करा' म्हणणाऱ्या लिंकमधून फोनमधल्या ओटीपीपर्यंत हात पोचतो. एका मॅचसाठी बँकेचं खातं पणाला लावू नका.

७. एकत्र बघायचं असेल तर

एकट्याने बघण्यापेक्षा चार-सहा जणांत दुसरा लेग बघण्याची मजा कैक पटीने जास्त. नवखा माणूस प्रश्न विचारतो, जुन्याला उत्तर देताना स्वतःलाच नव्याने कळतं.

लागणारं सामान:

- टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एचडीएमआय केबल, पॉवर स्ट्रिप
- चार्ज केलेला इन्व्हर्टर. एप्रिल-मेत वळीव झाला की लाईट जाते. राऊटरसुद्धा इन्व्हर्टरवरच जोडा, नाहीतर टीव्ही चालू आणि नेट बंद
- दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट
- थर्मासमध्ये चहा. दूध संध्याकाळीच आणून ठेवा
- भडंग. आपलीच, कांदा ऐनवेळी घालायचा, म्हणजे मऊ पडत नाही

फ्लॅटमध्ये बसणार असाल तर वरच्या-खालच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. 'काकू, उद्या रात्री मॅच आहे, आवाज झाला तर फोन करा,' एवढं पुरतं. गच्चीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये करायचं असेल तर हे हाताशी ठेवा:

- सोसायटीच्या सचिवांची लेखी परवानगी
- जबाबदार दोघांची नावं, मोबाईल नंबर आणि आधारची प्रत
- मंडळातर्फे करत असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांत हे स्पष्ट आहे. गच्चीवर टीव्हीचाच आवाज ठेवा, स्पीकर जोडू नका. आणि तिकीट लावू नका. सार्वजनिक ठिकाणी सामना दाखवायचा तर प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीची परवानगी लागते, घरच्या सबस्क्रिप्शनमध्ये ती येत नाही. चहा-भडंगचा खर्च मित्रांनी वाटून घेणं वेगळं.

८. जागरण झेपत नसेल तर आशियाकडे बघा

लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना दीडचा गजर झेपत नाही. त्यांच्यासाठी आशियाई क्लब स्पर्धा चांगल्या, कारण बरेच सामने आपल्या संध्याकाळी किंवा रात्री लवकर असतात. बाद फेरी म्हणजे काय हे आपल्या टीमवरून समजून घ्यायचं असेल तर २०१६चा एएफसी कप बघा, तीही आशियाई क्लबांचीच एक स्पर्धा. सेमीफायनलला बेंगळुरू एफसीसमोर गतविजेता मलेशियाचा जोहोर दारुल ताझिम होता. मलेशियात १-१, मग १९ ऑक्टोबरला कांतीरवा स्टेडियमवर सुनील छेत्रीच्या दोन गोलांसह ३-१. एएफसी कपची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय क्लब. दोह्यात इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ ने हार झाली, पण त्या दोन लेगांमध्ये शिकण्यासारखं खूप आहे.

९. फायनल

फायनल एकच सामना, आधीच ठरलेल्या मैदानावर. इथे बेरीज नाही, घर-बाहेर नाही. २०२६ची फायनल ३० मे रोजी बुडापेस्टच्या पुष्काश अरेनाला ठेवली गेली आणि वेळही बदलली: तिकडे संध्याकाळी ६, आपल्याकडे रात्री ९.३०. पूर्वी फायनललाही साडेबारा वाजायचे. शनिवारी साडेनऊला म्हणजे अख्ख्या घराला जेवण उरकून बसता येतं, जादा वेळ लागला तरी साडेबाराच्या आत सगळं आटोपतं. नव्या माणसाला बोलवायचं तर याच रात्री बोलवा.

त्यानंतर वर्षभराचा प्लॅन लगेच घेऊ नका. जून रिकामा जातो, जुलैत छोट्या क्लबांच्या पात्रता फेऱ्या आणि ऑगस्टमध्ये विजेत्याचा युरोपा लीगच्या विजेत्याशी सुपर कपचा सामना असतो. मुख्य तक्ता सुरू होतो सप्टेंबरात, प्लॅन तेव्हाच घ्या, म्हणजे पुढची बाद फेरी त्याच पैशात बसते.